‘हाई मानसशास्त्र कसाले?’

बारावीची गुणपत्रिका हातात पडली की नंदुरबारकडच्या गावांमधली संध्याकाळ प्रवेशाच्या गप्पांत जाते. कोरीटमध्येही तेच. पोरगी बीसीएसला जाणार, इथवर कुणाची हरकत नसते. ‘कम्प्युटर’ हा शब्द आता मिरची-कपाशीइतका घरचा झाला आहे. घोडं अडतं ते अर्जातल्या पुढच्या रकान्यापाशी. मुख्य विषयासोबत आणखी एक विषय ‘मायनर’ म्हणून घ्यायचा असतो आणि पोरगी म्हणते, मानसशास्त्र. मग ओट्यावरून प्रश्न येतो: ‘कम्प्युटर समजनं, पन हाई मानसशास्त्र कसाले?’

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. तीन वर्षांची फी, बसचा पास आणि खोलीचं भाडं ज्याला भरायचं आहे, त्यानं तो विचारायलाच हवा. गंमत अशी की प्राध्यापक, नोकरभरती करणारे आणि त्या वाटेनं निघालेली मुलं या तिघांना तोच प्रश्न विचारला तर तीन उत्तरं मिळतात. या दोन विषयांच्या जोडीविषयीची चर्चा कुठून आली, आज कुठे उभी आहे आणि तिच्यातलं काय अजून ठरायचं आहे, एवढंच इथे मांडतो.

सोयरीक जुनीच आहे

संगणक आणि मन यांची गाठ कुणी अलीकडे करिअरच्या सोयीसाठी मारली, असा एक समज आहे. ती गाठ जवळजवळ संगणकाइतकीच जुनी आहे. १९५६ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या एमआयटीत एक परिसंवाद भरला. तिथे ॲलन न्यूवेल आणि हर्बर्ट सायमन यांनी तर्कशास्त्रातली प्रमेयं सिद्ध करणारा प्रोग्रॅम मांडला, नोम चॉम्स्की भाषेच्या रचनेवर बोलले, आणि जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञानं माणसाच्या स्मृतीत एका वेळी किती मावतं याचा हिशोब मांडला. हा आकडा सातच्या आसपास असतो, हे त्यांचं म्हणणं पुढे जगभर गाजलं. बोधनविज्ञान (कॉग्निटिव्ह सायन्स) या शाखेची जन्मतारीख म्हणून मिलर याच परिसंवादातला ११ सप्टेंबर हा दिवस सांगत.

आज ज्या ‘न्यूरल नेटवर्क’वर कृत्रिम बुद्धिमत्तेचा डोलारा उभा आहे, त्याचा एक आरंभीचा नमुना, पर्सेप्ट्रॉन, १९५७-५८ मध्ये फ्रँक रोझेनब्लॅट यांनी तयार केला. ते मानसशास्त्रज्ञ होते. ज्यांच्या कार्यालयानं १९६२ पासून दिलेल्या बळावर पुढे इंटरनेटची वाट मोकळी झाली, ते जे. सी. आर. लिकलायडर हेही मूळचे मानसशास्त्राचेच. जेफ्री हिंटन यांनी १९७० मध्ये केंब्रिजहून प्रायोगिक मानसशास्त्राची पदवी घेतली आणि २०२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं ते भौतिकशास्त्राचं. त्याच वर्षी रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरलेले डेमिस हसाबिस उलट्या वाटेनं गेले: आधी संगणकशास्त्राची पदवी, मग मेंदू आणि स्मृती यांवर पीएच.डी.

मार्गदर्शन शिबिरांत ही नावं हमखास ऐकवली जातात, म्हणून एक खबरदारी. ही माणसं दोन्ही विषयांत वर्षानुवर्षं बुडालेली होती. वीस श्रेयांकांचं मायनर करून कुणी हिंटन होत नाही. या नावांवरून दोन विषयांचं नातं खरं आहे एवढं ठरतं. त्या नात्यावर नोकरी लागते की नाही, ते यावरून ठरत नाही.

दुसरा धागा वापरणाऱ्याचा. १९७१ मध्ये जेराल्ड वाइनबर्ग यांनी प्रोग्रॅमरच्या मनाकडे पाहणारं पुस्तक लिहिलं. १९८३ मध्ये कार्ड, मोरान आणि न्यूवेल या त्रयीनं माणूस आणि संगणक यांच्यातल्या देवाणघेवाणीचं मानसशास्त्र मांडलं. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८ मध्ये एक साधी गोष्ट पटवून दिली: दार ढकलायचं की ओढायचं हे समजलं नाही, तर चूक दाराची असते. आज ज्याला यूएक्स (वापरणाऱ्याचा अनुभव) म्हणतात त्या व्यवसायाची मुळं या पुस्तकांत सापडतात.

आपल्याकडेही हे दोन्ही धागे होते, फक्त वेगवेगळ्या खोल्यांत. धारवाडच्या व्ही. व्ही. कामत यांनी बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी नव्यानं बेतली. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९४० चं. मानसशास्त्रज्ञ आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी सुरू केली आणि बुद्धी व अभिक्षमता यांच्या चाचण्या महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गीय घरांत ओळखीच्या झाल्या. दुसऱ्या खोलीत, १९६९ मध्ये पवईच्या आयआयटीत औद्योगिक डिझाइनचं केंद्र निघालं. तिथे शिकवणाऱ्या र. कृ. जोशी यांनी रेखलेला ‘मंगल’ हा देवनागरी फाँट विंडोजबरोबर घराघरांतल्या संगणकांवर पोचला. याच केंद्रात प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या चमूनं २०१३ च्या सुमारास ‘स्वरचक्र’ हा कळफलक बनवला.

स्वरचक्राशी जरा थांबायला हवं, कारण या लेखाचा सगळा विषय त्या एका वस्तूत मावतो. ‘क’ दाबला की त्याच्याभोवती चक्र उमलतं: का, कि, की, कु, कू. बोट ज्या दिशेला सरकेल ती मात्रा लागते. यात प्रोग्रॅम अवघड नाही. अवघड होतं ते हे ओळखणं, की मराठी माणूस अक्षर आणि मात्रा असे दोन तुकडे शोधत बसत नाही. शाळेत घोकलेली बाराखडी त्याच्या डोक्यात आख्ख्या रांगेनं बसलेली असते. कळफलक त्या रांगेला धरून बेतला. संगणकशास्त्र आणि मानसशास्त्र एकत्र आले की काय होतं, याचं मला मराठीत दिसलेलं हे सगळ्यांत स्वच्छ उदाहरण.

एवढं असूनही आपल्या विद्यापीठांत हे विषय एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहिले नाहीत. मानसशास्त्र म्हणजे कला शाखा, बी.ए.; संगणक म्हणजे विज्ञान शाखा, बी.एस्सी. अकरावीला वाट फुटली की परत भेट नाही. प्रयोगशाळा, आकडेमोड आणि सांख्यिकी असूनही मानसशास्त्र ‘आर्ट्सचं’ राहिलं, आणि माणसांसाठी यंत्रं बनवूनही संगणकशास्त्राला माणूस अभ्यासक्रमात नको होता.

नवी चौकट काय देते

२९ जुलै २०२० ला केंद्रीय मंत्रिमंडळानं नवं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण मंजूर केलं आणि ही भिंत कागदावर तरी पाडली. राज्याचा शासननिर्णय २० एप्रिल २०२३ चा. स्वायत्त महाविद्यालयांत ही रचना २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आली. कोरीटचा विद्यार्थी ज्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या छत्राखाली येतो, तिथेही तीच.

हिशोब असा आहे. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक. त्यातले १८ ते २० मायनरचे. मायनर आपल्याच विद्याशाखेतलं घेता येतं, तसंच दुसऱ्या शाखेतलंही. याखेरीज १० ते १२ श्रेयांकांचे खुले वैकल्पिक विषय असतात आणि ते मात्र सक्तीनं परक्या शाखेतून घ्यावे लागतात. म्हणजे संगणकाच्या मुलानं मायनर गणिताचं घेतलं, तरी मानसशास्त्राची तोंडओळख खुल्या विषयातून होऊ शकते. बऱ्याच पालकांना हे दोन रकाने एकच वाटतात आणि तिथेच निम्मा घोळ होतो.

अभियांत्रिकीची पंगत वेगळी बसते. तिथे बहुविद्याशाखीय मायनरचा स्वतंत्र कप्पा आहे आणि जादा श्रेयांक मिळवून आणखी एक मायनर करण्याचीही सोय आहे. बीसीए २०२४-२५ पासून तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत गेलं आणि त्याला सीईटी आली. त्यामुळे एकाच बाकावरून उठून एक मुलगी बी.एस्सी. संगणकशास्त्राला आणि दुसरी बीसीएला गेली, तर दोघींना मायनरची मुभा सारखीच असेल असं धरून चालता येत नाही.

आता वीस श्रेयांक म्हणजे किती? वर्गातल्या शिकवणीचा एक श्रेयांक पंधरा तासांचा. वीस म्हणजे तीनशे तास, प्रात्यक्षिकं धरली तर आणखी थोडे. एखादा विषय समजून घ्यायला हे पुष्कळ आहेत, त्यावर पोट भरायला थोडे. शिवाय ते तास कशावर खर्च होतात, हा प्रश्न उरतोच. पदवीचं मानसशास्त्र सहसा सामान्य मानसशास्त्रापासून सुरू होतं आणि मग सामाजिक, विकासात्मक, अपसामान्य अशा ओळखीच्या पायऱ्या चढतं. संगणकाच्या कामाला उपयोगी पडणारे भाग, म्हणजे प्रयोगाची रचना, प्रश्नावली कशी बांधायची, मापन, सांख्यिकी, अवधान आणि स्मृती, हे बऱ्याचदा मुख्य विषय म्हणून मानसशास्त्र घेणाऱ्यांच्या वाट्याला येतात. मायनरवाला उंबरठ्यावरूनच परततो. मला विचाराल तर या सगळ्या चर्चेतला सर्वांत दुर्लक्षित मुद्दा हाच आहे.

तीन मतं

पहिलं मत ठाम आहे: आधी कोडिंग पक्कं करा. या बाजूचा युक्तिवाद हलका नाही. पदवीधरांची घाऊक भरती करणाऱ्या मोठ्या आयटी कंपन्यांची पहिली चाळणी गुणांची टक्केवारी, अभिक्षमता चाचणी आणि प्रोग्रॅमिंगचे प्रश्न यांची असते. मायनरचा रकाना त्या चाळणीत नसतो. खानदेशातल्या मुलाची स्पर्धा पुण्यातल्या मुलाशी आहे. पहिल्याकडे इंग्रजीचा सराव कमी आणि डेटा स्ट्रक्चर शिकायला शिकवणी नाही. असे तीनशे तास हातात असतील, तर ते गणित, सांख्यिकी किंवा इलेक्ट्रॉनिक्सला द्यावेत. माणसं समजायला नोकरीत आयुष्य पडलं आहे. ज्या घरात पहिली पगाराची चिठ्ठी लवकर यायला हवी, तिथे हे म्हणणं ऐकणाऱ्याला दोष देता येत नाही.

दुसरं मत जोडीच्या बाजूचं. त्यांचं म्हणणं, आज सॉफ्टवेअर फसतं ते क्वचितच कोड चुकल्यामुळे. बहुतेक वेळा माणसाला ते कळलेलं नसतं, पटलेलं नसतं किंवा त्याचा विश्वास बसलेला नसतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि या मताला नवी धार चढली. साधा कोड यंत्र लिहू लागलं, तर काय बनवायचं, कुणासाठी आणि ते बरोबर बनलं हे कसं तपासायचं, या प्रश्नांचं मोल वाढेल, असा हा हिशोब आहे. भाषेच्या प्रारूपांची उत्तरं माणसांकडून तपासून घेण्याचं काम तर उघडच मानसशास्त्राच्या प्रयोगासारखं आहे: तपासणारे किती, त्यांच्यात एकमत किती, प्रश्नाच्या शब्दांनीच उत्तर वाकलं का.

तिसरं मत या दोघांच्या मधलं आहे आणि म्हणून कमी ऐकू येतं. मन शिकायचं असेल तर बोधनविज्ञानाच्या पूर्ण अभ्यासक्रमाकडे जावं, मायनर हा त्याचा जिना समजावा. अलाहाबाद विद्यापीठात, आयआयटी कानपूर, दिल्ली आणि गांधीनगर इथे बोधनविज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण किंवा संशोधन चालतं. हैदराबादच्या ट्रिपल आयटीत संगणक आणि मानव्यविद्या यांची जोडपदवी आहे. पवईला इंटरॅक्शन डिझाइनचं पदव्युत्तर शिक्षण आहे. या दारांवर प्रवेश परीक्षा आहेत, जागा थोड्या आहेत. पण संगणकाची मुख्य पदवी आणि मानसशास्त्राची खरी गोडी असलेल्या मुलाला ती बंद नाहीत. या मताचे लोक नोकरीच्या बाजारापेक्षा पुढच्या शिक्षणाकडे बोट दाखवतात. खर्च आणि वर्षं वाढतात, ही त्यांची अडचण तेही मान्य करतात.

तिन्ही मतांचे लोक एका गोष्टीवर मात्र सहमत दिसतात: प्रमाणपत्रावर ‘मायनर: मानसशास्त्र’ छापून आल्यानं काही होत नाही. मुलाखतीत दाखवायला काहीतरी केलेलं लागतं.

कामं कोणती

यूएक्स संशोधन हे सगळ्यांत आधी सांगितलं जातं. ॲप वापरताना माणूस कुठे अडखळतो हे बघायचं, त्याच्याशी बोलायचं, नोंदी करायच्या आणि बनवणाऱ्यांना त्यांच्या भाषेत सांगायचं. काम खरं आहे, पण कामाचे पत्ते मुख्यतः बंगळुरू, पुणे, मुंबई, हैदराबाद, गुरुग्राम. अगदी नवख्याला थेट संशोधक म्हणून घेणारे थोडे असतात. डिझाइन, टेस्टिंग किंवा ग्राहकसेवेतून तिकडे सरकलेले जास्त. २०२२-२३ च्या जागतिक नोकरकपातीत या मंडळींनाही झळ लागली, हेही सांगायला हवं.

मग शैक्षणिक तंत्रज्ञान, मनुष्यबळाचं विश्लेषण, गेम, आणि सायबर सुरक्षा. शेवटच्याकडे आपल्या भागात कुणी मायनरच्या नजरेनं पाहत नाही, पण पाहावं. ओटीपी काढून घेणारा किंवा ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देणारा चोर कुठलंही कुलूप फोडत नाही, तो घाई, भीती आणि साहेबाचा दरारा वापरतो. १९३० या मदतक्रमांकाची आठवण माणसाला पैसे गेल्यावर का होते, आधी का होत नाही, हा निव्वळ मानसशास्त्राचा प्रश्न आहे आणि बँका, पोलीस, दूरसंचार कंपन्या सगळ्यांनाच त्याचं उत्तर हवं आहे.

या जोडीची एक काळी बाजूही आहे आणि आढाव्यात ती वगळता येत नाही. मन कसं चालतं हे कळलं की ते वळवताही येतं. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई, न मागितलेली वस्तू टोपलीत घालणं, नको म्हणणाऱ्याला लाजवणारं बटण, सुरू करायला सोपी आणि बंद करायला अशक्य वर्गणी: हे सगळं कुणीतरी अभ्यास करून बनवलेलं असतं. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा क्लृप्त्यांची यादी करून त्यांवर बंदी घातली. म्हणजे आता या ज्ञानाला दोन्हीकडून गिऱ्हाईक आहे: क्लृप्त्या रचणारे आणि त्या शोधणारे. मायनरच्या अभ्यासक्रमात नीतिशास्त्राचे किती तास असावेत, यावर चर्चा व्हायला हवी. ती अजून रांगतेही आहे असं वाटत नाही.

समुपदेशनाचा गैरसमज

गावाकडे ‘मानसशास्त्र’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे समुपदेशक येतो, आणि संगणकाची जोड म्हटली की मन:स्वास्थ्याचं ॲप. इथे पाटी स्वच्छ असावी. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला १९९२ च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते आणि त्यासाठी पदव्युत्तर पातळीच्याही पुढचं प्रशिक्षण लागतं. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय कायद्यानं वर्तनविषयक आरोग्याचे व्यवसायही नियमनाखाली आणले. मायनर केलेला मुलगा यातला कुणीही होत नाही. त्यानं कुणाला ‘थेरपी’ देऊ नये.

ॲप बनवणाऱ्या चमूत मात्र त्याला जागा आहे आणि गरजही मोठी आहे. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मनोविकारांमध्ये ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचलेच नसल्याचं दिसलं. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही १४४१६ क्रमांकाची फोनसेवा ही दरी बुजवायचा सरकारी प्रयत्न आहे. बंगळुरूच्या ‘वायसा’सारखं संभाषण करणारं ॲप हा खासगी. यंत्राशी मन मोकळं करणं कितपत बरं, याचा वाद १९६६ पासून चालू आहे. तेव्हा जोसेफ वायझेनबॉम यांनी ‘एलायझा’ हा साधासा प्रोग्रॅम लिहिला होता. तो समोरच्याचंच वाक्य फिरवून प्रश्न करायचा. तरीही त्यांच्या सचिव बाईंनी, ‘मला याच्याशी एकटीला बोलायचंय, तुम्ही जरा बाहेर जाता का,’ असं सुचवलं. वायझेनबॉम हादरले आणि पुढे आपल्याच क्षेत्राचे टीकाकार बनले. आजच्या यंत्रांपुढे एलायझा म्हणजे खेळणं. प्रश्न मात्र तेव्हा होता तिथेच आहे.

कोरीटहून पाहताना

पुण्यात बसून लिहिलेल्या मार्गदर्शनात एक गोष्ट राहून जाते. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला याच नंदुरबार जिल्ह्यातल्या, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग स्वतः हजर होते आणि पहिल्या मानकरी रंजना सोनवणे. माणसाची ओळख बोटाच्या ठशात बसवणारी ती प्रचंड यंत्रणा होती. पण शेतात आणि मजुरीत राबणाऱ्याच्या बोटाच्या रेषा झिजतात आणि यंत्र त्याला ओळखत नाही. हे कुठल्या पुस्तकातून शिकावं लागत नाही. रेशनच्या दुकानापुढच्या रांगेत दिसतं. त्या रांगेत उभा राहिलेला मुलगा ‘वापरणाऱ्याचा अभ्यास’ जन्मापासून करतो आहे. त्याच्याकडे नाही ती पद्धत: निरीक्षणाची नोंद कशी करायची, किती जणांना विचारायचं, आपला समज बाजूला कसा ठेवायचा. ती पद्धत शिकवली, तरच मायनरचं सार्थक आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची होती. इथे भिली, पावरी, मावची बोलतात, शिवाय अहिराणी आणि गुजरी. देशात भिली बोलणारे एक कोटीहून अधिक आहेत, पण फोनमध्ये ती जवळजवळ नव्हतीच. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी कार्य मंत्रालयानं ‘आदिवाणी’ या भाषांतर ॲपची चाचणी आवृत्ती आणली. पहिल्या चार भाषांत संथाळी, मुंडारी, गोंडी यांच्यासोबत भिली आहे. तिथली भिली प्रामुख्यानं मध्य प्रदेशातली. सातपुड्याच्या या अंगाची बोली तिला किती कळते आणि इथल्या म्हाताऱ्या बाईला ती आपली वाटते का, हे तपासायला संगणक, भाषा आणि माणसाचा स्वभाव तिन्ही कळणारा माणूस लागेल. असा माणूस बंगळुरूहून येण्यापेक्षा नंदुरबारहून निघणं सोपं आहे.

खुद्द मानसशास्त्राचीही इथे परीक्षा आहे. २०१० मध्ये हेन्रिक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की ‘माणूस असा वागतो’ म्हणून पाठ्यपुस्तकांत येणारं बरंच काही पाश्चात्त्य, सुशिक्षित, सुखवस्तू समाजांतल्या लोकांवर, त्यातही कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर बेतलेलं आहे. २०१५ मध्ये शंभर प्रकाशित प्रयोग पुन्हा करून पाहिले गेले, तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत ठसठशीत निष्कर्ष परत मिळाला. म्हणजे जो विषय जोडीला घ्यायचा, तो स्वतःची घडी बसवतो आहे. काहींना हे न घेण्याचं कारण वाटतं. मला वाटतं, आकडेमोड येणाऱ्या संगणकाच्या मुलासाठी हीच आत शिरायची फट आहे. कामतांनी धारवाडला जे केलं ते भिली आणि पावरी बोलणाऱ्या मुलांसाठी अजून कुणी मनावर घ्यायचं आहे.

आता अडचण. तालुक्याच्या गावी विज्ञान महाविद्यालय असतं. तिथे मानसशास्त्राचा पूर्णवेळ प्राध्यापक असेलच असं नाही. धोरण म्हणतं मायनर कुठलंही घ्या. वेळापत्रक म्हणतं, जो विषय शिकवायला माणूस आहे तोच घ्या. पूर्वी अशा मुलाला मुक्त विद्यापीठातून मानसशास्त्र करता यायचं. संलग्न आरोग्यसेवेच्या कायद्याच्या आधारे विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राच्या दूरस्थ आणि ऑनलाइन पदव्यांचे प्रवेश थांबवले. दर्जाच्या दृष्टीनं निर्णयामागचं कारण समजण्यासारखं आहे. खेड्यातल्या मुलाचं एक दार त्यानं लावलं, हेही तितकंच खरं. ‘स्वयम्’वरचे सुटे कोर्स उरतात. नियमानं सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक तिथून घेता येतात, पण आपल्या विद्यापीठानं आणि महाविद्यालयानं तो कोर्स मान्य केला तरच.

न सुटलेल्या गाठी

मायनर घेतलेल्यांची पगारात, बढतीत किंवा निदान पहिल्या नोकरीत काही सरशी होते का, याला महाराष्ट्रापुरतं उत्तर आज असूच शकत नाही. संलग्न महाविद्यालयांतल्या नव्या रचनेची पहिली तुकडी २०२४ मध्ये आत आली. तीन वर्षांची पदवी घेऊन ती २०२७ मध्ये बाहेर पडेल. तोवर जो कुणी टक्केवारी सांगतो, तो अमेरिकेची सांगतो किंवा अंदाजाची.

यंत्र कोड लिहू लागल्यानं नवख्यांच्या नोकऱ्या कमी होतील की कामाचं रूप बदलेल, यावर तज्ज्ञांत उघड मतभेद आहेत. दुसऱ्या मताचा निम्मा डाव या एका प्रश्नावर लागलेला आहे. आणि तेच यंत्र उद्या मुलाखतींची टिपणं काढून माणसांच्या वागण्याचे निष्कर्षही सांगू लागलं, तर पहिल्या आणि दुसऱ्या दोन्ही मतांना आपापली मांडणी नव्यानं करावी लागेल.

स्पर्धा परीक्षांचा एक उपप्रश्न घरोघरी निघतो, म्हणून सांगतो. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मानसशास्त्र वैकल्पिक विषय आहे, संगणकशास्त्र नाही. मायनरमुळे त्या अभ्यासाला सुरुवात होते. तीनशे तासांत तो पुरा मात्र होत नाही.

माझं मत विचाराल तर असं. कोडिंग कच्चं असेल तर मानसशास्त्राचं मायनर त्याला सावरणार नाही. कोडिंग बरं असेल, पोरीला माणसांत खरा रस असेल आणि मायनरमध्ये प्रयोग व सांख्यिकी शिकवली जाणार असेल, तर घ्यावं; नुसती ओळख शिकवणार असतील तर ती खुल्या वैकल्पिक विषयात भागवून मायनर गणिताचं किंवा सांख्यिकीचं घेतलेलं बरं. आणि पदवीच्या तीन वर्षांत एक तरी काम गावात करून ठेवावं: आपल्याच सेवा केंद्रात ऑनलाइन फॉर्म भरताना वीस माणसं कुठे अडली याची नोंद, मग त्यावर सुधारलेला फॉर्म, मग पुन्हा वीस माणसं. मुलाखतीत ते टेबलावर ठेवता येतं.

राहिला ओट्यावरचा प्रश्न. त्याचं पक्कं उत्तर कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत नाही. अर्जाचा रकाना भरण्याआधी पोरीला घेऊन एकदा महाविद्यालयात जाऊन या, मायनरच्या यादीत मानसशास्त्र आहे का ते बघा, आणि ते शिकवणारे सर किंवा मॅडम कोण, त्यांना भेटता येईल का, एवढं विचारा. भेटायला कुणी नसेल, तर दुसरा विषय निवडा.